उलुबुरूनचे गलबत

तुमच्या घरात एखादी काशाची वाटी असेल. उन्हाळ्यात तळपायांना तूप किंवा खोबरेल लावून ती वाटी घासत बसण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ती वाटी हातात घेऊन तुम्ही कधी असा विचार केला आहे का, की हा धातू कुठल्याच खाणीत सापडत नाही? तांब्याची खाण असते, कथलाची खाण असते. काशाची खाण नसते. तांबे आणि कथील एकत्र करून भट्टीत घातले म्हणजे कासे होते. आता अडचण अशी की जिथे तांबे मुबलक सापडते तिथे कथील बहुधा सापडत नाही. म्हणजे माणसाला ज्या दिवशी काशाची गोडी लागली, त्या दिवसापासून त्याला आपल्या गावाबाहेर पाहणे भाग पडले. दूरच्या माणसाशी देवघेव करणे भाग पडले. काशाची कुऱ्हाड ही एका लोहाराच्या नव्हे, दोन देशांच्या मेहनतीने घडते.

या देवघेवीच्या कामावर निघालेले एक गलबत सुमारे तीन हजार तीनशे वर्षांपूर्वी तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाले. त्याची हकीकत आज सांगायची आहे. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: इजिप्तमध्ये राजा अखनातन आणि राणी नेफरतिती यांचे राज्य होऊन गेले होते. आपल्या महाराष्ट्रात त्या सुमारास प्रवरेच्या काठी जोर्वे आणि नेवासे, घोडनदीच्या काठी इनामगाव, अशा शेतकऱ्यांच्या वस्त्या होत्या. तांबे त्यांनाही ठाऊक होते. पण ते इतके दुर्मिळ की रोजच्या कापण्या-चिरण्याला दगडाचीच पाती वापरावी लागत. आणि त्याच काळात भूमध्य समुद्रात एका गलबतावर दहा टन तांबे लादलेले होते! दहा टन म्हणजे दहा हजार किलो. हे गलबत सापडले नसते, तर असा आकडा सांगणाऱ्याला कुणी शहाणा म्हटले नसते.

ते सापडले कसे, हे आधी पाहू.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडी मारून स्पंज काढण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला. १९८२ साली मेहमेत चाकिर नावाचा एक तरुण पाणबुड्या काश नावाच्या गावाजवळ, उलुबुरून नावाच्या भूशिरापाशी उतरला होता. उलुबुरून म्हणजे थोरले भूशिर. वर आला तेव्हा त्याने आपल्या तांडेलाला सांगितले की खाली धातूची बिस्किटे पडली आहेत, आणि त्या बिस्किटांना कान आहेत. दुसऱ्या कुणी हे ऐकून हसण्यावारी नेले असते. पण त्या तांडेलाला या कानांची ओळख होती. पुराणवस्तुशोधक मंडळी दरवर्षी किनाऱ्यावरच्या गावांतून हिंडत आणि स्पंजवाल्यांना चित्रे दाखवून सांगत, की अशी वस्तू दिसली तर आम्हाला कळवा. त्या चित्रांत चार कोपऱ्यांना चार कान ओढलेली तांब्याची लादी होती. वाळत घातलेल्या बैलाच्या कातड्यासारखा तिचा आकार असतो. एकेका लादीचे वजन चोवीस किलोच्या आसपास भरते, आणि ते कान धरून दोघांनी उचलायला किंवा जनावराच्या पाठीवर बांधायला ती सोयीची पडते.

ही चित्रे घेऊन हिंडण्याची कल्पना ज्या मंडळींची, त्यांचे प्रमुख होते जॉर्ज बास हे अमेरिकन संशोधक. आणि त्यांच्या या खटाटोपामागे एक जुना वाद होता. तो समजून घेतल्याशिवाय या गलबताचे मोल कळायचे नाही.

१९५८ साली पीटर थ्रॉकमॉर्टन हा अमेरिकन पत्रकार बोद्रुम गावात स्पंजवाल्यांबरोबर राहत होता. केमाल नावाच्या एका तांडेलाकडून त्याला गेलिदोन्या भूशिराजवळ पाण्याखाली पडलेल्या तांब्याचा पत्ता लागला. सुरुंग लावून ते तांबे सुटे करावे आणि भंगारात विकावे, असा तांडेलाचा बेत होता. थ्रॉकमॉर्टनच्या मध्यस्थीने तो टळला. १९६० साली तिथे उत्खनन झाले, आणि ते चालवायला आला सत्तावीस वर्षांचा एक विद्यार्थी. तोच जॉर्ज बास. तोवर अशी रीत होती की बुडी पाणबुड्यांनी मारायची आणि विद्वानांनी वर नावेत बसून ते जे काय आणतील ते पाहायचे. बास यांनी हट्ट धरला की जमिनीवरच्या उत्खननात जशी इंच इंच जागेची नोंद होते तशी समुद्राच्या तळाशीही झाली पाहिजे, आणि ती पुराणवस्तुशास्त्रज्ञाने स्वतः खाली उतरून केली पाहिजे. त्यासाठी ते घाईघाईने बुडी मारायला शिकले. समुद्रतळावरच्या एका प्राचीन गलबताचे संपूर्ण शास्त्रशुद्ध उत्खनन झाले ते हे पहिले.

गेलिदोन्याचे गलबत इ. स. पूर्व १२०० च्या सुमाराचे. त्यातल्या वस्तू पाहून बास यांनी मत मांडले की हे गलबत ग्रीकांचे नव्हे. सायप्रस, सिरिया, कनान या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवरच्या लोकांचे आहे. यावर विद्वानांत मोठी नापसंती उमटली. कारण त्या काळी सर्वमान्य समजूत अशी होती की कांस्ययुगात भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातला व्यापार मायसीनीच्या ग्रीकांच्या हातात होता. पुरावा काय? तर मायसीनीची रंगीत मडकी इजिप्तपासून सिरियापर्यंत जागोजाग सापडतात. उलट पूर्वेकडचा माल ग्रीसमध्ये फारसा सापडत नाही. ज्याची मडकी सर्वत्र, त्याची गलबते सर्वत्र, असा हा हिशेब.

बास यांनी या हिशेबातली चूक दाखवली, आणि ती चूक आपल्या घरातल्या उदाहरणाने सहज कळेल. मडके फुटले की आपण खापऱ्या उकिरड्यावर टाकतो. त्या तिथे हजारो वर्षे पडून राहतात, कारण त्या कुणालाच नको असतात. पण तांब्याचा हंडा फुटला तर तो उकिरड्यावर जातो का? तो तांबटाकडे जातो, मोडीत निघतो, वितळतो आणि नवा होऊन घरी येतो. पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा माल असाच होता: तांबे, कथील, काच, हस्तिदंत, धूप, कापड. तो तिथे पोचला की वितळला, कोरला गेला, जळला, विरला. मागे काही राहिले नाही. पश्चिमेकडून आली ती मडकी मात्र राहिली. म्हणजे ज्याची खूण उरत नाही तो व्यापार झालाच नाही, असे आपण समजून बसलो होतो. बास यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंतींवर तांब्याच्या त्या कानवाल्या लाद्या खांद्यावर वाहणारी माणसे रंगवलेली आहेत, आणि त्यांतली कितीतरी पोशाखावरून आणि दाढीवरून सिरियाची ठरतात.

युक्तिवाद चांगला होता. पण एका लहानशा गलबताच्या जोरावर सगळी समजूत उलटवायला विद्वान तयार होईनात. वीस-बावीस वर्षे वाद तसाच लोंबकळत राहिला. आणि मग मेहमेत चाकिरला ती कान असलेली बिस्किटे दिसली.

१९८४ साली उलुबुरूनचे उत्खनन सुरू झाले. पहिल्या वर्षी बास यांनी ते चालवले, आणि पुढे १९९४ पर्यंत त्यांचे तुर्की शिष्य जेमाल पुलाक यांनी. अकरा उन्हाळे हे काम चालले. एवढा वेळ का लागला? कारण गलबत एका तीव्र उतारावर, चव्वेचाळीस ते बावन्न मीटर खोल पाण्यात पडले होते, आणि काही वस्तू घरंगळत एकसष्ट मीटरपर्यंत गेल्या होत्या. इतक्या खोलवर हवेतला नायट्रोजन माणसाच्या डोक्यात भांगेसारखा चढतो. साधी बेरीजही चुकते. वर येताना घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस पांगळा होईल किंवा मरेल. म्हणून एका माणसाने दिवसात दोन बुड्या मारायच्या, प्रत्येक वेळी तळाशी वीसेक मिनिटेच काम करायचे, आणि मग थांबत थांबत वर यायचे. अकरा वर्षांत मिळून २२,४१३ बुड्या झाल्या आणि तळावर काम झाले ६,६१३ तास. भागाकार करून पाहा: दर बुडीला अठरा मिनिटेही पडत नाहीत. त्या अठरा मिनिटांत वाळू बाजूला करायची, मापे घ्यायची, फोटो काढायचे, चित्र काढायचे, आणि शेवटी वस्तू उचलायची. उचलण्याआधी नोंद, हा नियम कधी मोडला नाही.

आता गलबताकडे वळू. लांबी सुमारे पंधरा मीटर, म्हणजे पन्नास फूट. कोकणच्या बंदरांतून पूर्वी जी मध्यम गलबते दिसत तेवढेच. लाकूड लेबाननच्या देवदाराचे. बांधणी अशी की सुतार जशी दाराच्या चौकटीत खाच आणि जीभ बसवतो तशी प्रत्येक फळीच्या कडेला खाच पाडून त्यात लाकडी जीभ बसवायची, वरची फळी तिच्यावर ठोकायची, आणि आरपार खुंटी मारून जोड पक्का करायचा. फळीला फळी जोडून आधी बाहेरचे सगळे कवच उभे करायचे, असा हा प्रकार. गेलिदोन्याच्या गलबतापेक्षाही हे जुने.

तळाशी काटेरी झुडपांच्या फांद्या पसरल्या होत्या. मालाने फळ्या खरचटू नयेत म्हणून. त्यांच्यावर तांब्याच्या लाद्या चार रांगांत रचलेल्या. कौलारू छपरावर कौले जशी एकमेकांवर चढवलेली असतात, अगदी तशा. कानवाल्या लाद्या ३५४, आणि त्याशिवाय भाकरीसारखे गोल गोळे शंभरावर. सगळे मिळून दहा टन. शिवाय कथील जवळजवळ एक टन. हे प्रमाण लक्षात घ्या. आपल्या काशाच्या वाटीत कथील बरेच जास्त असते, पण त्या काळी हत्यारांसाठी जो धातू करीत त्यात दहाला एक असे माप धरीत. दहा टन तांबे, एक टन कथील! कुणीतरी पूर्ण हिशेब करूनच हा माल भरला होता. त्यातून अकरा टन कासे झाले असते, आणि एका फौजेला पुरतील एवढ्या तलवारी, भाले आणि शिरस्त्राणे.

त्यांच्या जोडीला सुमारे दीडशे माठ होते, कनानी घडणीचे, दोन कानांचे. त्यांतल्या बहुतेकांत पिस्त्याच्या जातीच्या एका झाडाचा सुगंधी डिंक भरलेला होता, सुमारे अर्धा टन. काहींत ऑलिव्हची फळे होती. एका माठात काचेचे मणी खच्चून भरले होते. शिवाय निळ्या, आसमानी आणि जांभळट काचेच्या सुमारे पावणेदोनशे वड्या. काच त्या काळी रत्नासारखी मौल्यवान असे, आणि कच्च्या काचेच्या अशा अखंड वड्या याआधी कुणी पाहिल्याच नव्हत्या. आफ्रिकेतले काळे लाकूड होते. हे झाड आपल्या शिसवाच्याच गोत्रातले. हस्तिदंत, पाणघोड्यांचे सुळे, शहामृगाची अंडी, कासवांच्या पाठी. उत्तरेच्या थंड बाल्टिक समुद्राकाठचे राळेचे पिवळे मणी, ज्याला अंबर म्हणतात ते. मोडीचे सोने-चांदी, आणि त्या मोडीबरोबर सोन्याचा एक भुंगा, ज्याच्या पोटावर नेफरतिती राणीचे नाव कोरले आहे. हे गलबत तिच्या काळानंतर बुडाले असले पाहिजे, एवढे या एका दागिन्याने ठरवून टाकले.

माल सात-आठ देशांचा. मग गलबत कुणाचे?

इथे पुलाक आणि त्यांच्या सोबत्यांची हुशारी दिसते. त्यांनी किमती माल बाजूला ठेवला आणि क्षुद्र वस्तूंकडे पाहिले. गलबतावर मातीच्या पणत्या सापडल्या. काही सायप्रसच्या, काही सिरिया-कनानच्या. सायप्रसच्या पणत्या एका मोठ्या रांजणात, इतर कोऱ्या भांड्यांबरोबर रचून ठेवलेल्या होत्या. त्या विकायच्या होत्या. सिरिया-कनानकडच्या पणत्यांची तोंडे मात्र काजळीने काळी पडली होती. म्हणजे रात्री खलाशी ज्या उजेडात बसत तो उजेड त्यांच्या गावच्या पणतीचा होता. गलबतावर दगडी नांगर होते चोवीस, तेही पूर्वेच्या त्याच किनाऱ्यावरच्या धाटणीचे. वजने-मापे दीडशेच्या आसपास निघाली. काही साधी, घडीव दगडाची, काही ब्राँझची, बैल, बदक, बेडूक अशा आकारांची. एकावर तर गुराखी आणि त्याची वासरे बसवली आहेत. त्यांतली बहुतेक पूर्वेकडच्या मापाशी जुळतात. वजनांचे संच वेगवेगळे असल्यामुळे गलबतावर तीन-चार तरी व्यापारी असावेत असा अंदाज निघतो. व्यापारी दुसऱ्याच्या मापावर विश्वासत नाही, स्वतःचे माप जवळ बाळगतो. आपल्या बाजारपेठेत तरी दुसरे काय दिसते?

आणि एक साक्षीदार तर फारच लहान निघाला. गाळ चाळताना उंदराच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. धान्याबरोबर चोरून चढलेला बिनतिकिटाचा प्रवासी! २००८ साली त्या हाडाची मापे निरनिराळ्या प्रदेशांतल्या उंदरांशी ताडून पाहिली, तेव्हा ती सिरियाच्या किनाऱ्यावरच्या उंदरांशी जुळली. गलबत तिकडच्या बंदरात राहून आले होते, याची साक्ष त्या उंदराने दिली.

एवढे झाल्यावर बास यांचेच म्हणणे खरे ठरले, असे तुम्ही म्हणाल. बव्हंशी ठरलेही. पूर्वेकडचे दर्यावर्दी पश्चिमेला मोठा माल नेत होते, ही गोष्ट आता कुणी नाकारीत नाही. पण गलबताने त्यांच्याही पलीकडचे काही दाखवले. त्यावर मायसीनीच्या घडणीच्या दोन तलवारी सापडल्या. तिकडचे शिक्के, मणी आणि पिण्याची भांडी सापडली. हा विक्रीचा माल नव्हे, दोन माणसांचे अंगावरचे सामान आहे. म्हणजे दोन मायसीनी गृहस्थ, बहुधा मालाबरोबर पाठवलेले कुणी मातबर, या कनानी गलबतातून आपल्या देशाकडे निघाले होते. समुद्र ग्रीकांचा की कनान्यांचा, हा पंडितांचा वाद. समुद्रावर ही मंडळी एकाच गलबतात बसली होती आणि एकाच रात्री, किंवा एकाच दिवशी, बुडाली.

गलबत बहुधा सिरिया-कनानच्या किनाऱ्यावरून सुटले, सायप्रसच्या बाजूने आले आणि तुर्कस्तानचा किनारा धरून पश्चिमेला चालले होते. तांबे सायप्रसचे, हे परीक्षणाने सिद्ध झाले आहे. कथलाचे कोडे मात्र बरीच वर्षे सुटले नव्हते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे मांडले गेले की त्यातले बरेचसे तुर्कस्तानातल्या टॉरस डोंगरांतले असावे, पण सुमारे तिसरा हिस्सा थेट मध्य आशियातला, आजच्या ताजिकिस्तान-उझबेकिस्तानकडच्या खाणींचा असावा. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण हे खरे असेल तर ते कथील डोंगर-वाळवंट ओलांडून, हातोहाती, तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालून या गलबतात चढले होते.

ही माणसे खात काय होती, हेही गाळाने सांगितले. बदाम, अंजीर, द्राक्षे, डाळिंबे, ऑलिव्ह. करडई, धने आणि कलौंजी. शेवटची तीन नावे वाचून आपल्याच फडताळातले डबे आठवतात. मासे धरायला गळ होते, जाळ्याला शिशाची वजने होती. वेळ घालवायला खेळायच्या अस्थी होत्या, ज्या फाशांसारख्या टाकतात. आणि ब्राँझची एक लहानशी देवी होती. तिचे डोके, हात आणि पाय सोन्याच्या पत्र्याने मढवलेले. ती बहुधा गलबताची राखणदार असावी. आपले नाखवे समुद्रावर जाताना नारळ देतात; त्यांनीही निघताना तिच्यापुढे हात जोडले असतील.

पण मला सर्वांत चटका लावणारी वस्तू वेगळीच वाटते. एका रांजणातल्या गाळात एक लाकडी पाटी सापडली. तळहाताएवढ्या दोन फळ्या, हस्तिदंताच्या बिजागरीने जोडलेल्या. पुस्तकासारखी उघडावी आणि मिटावी. आतला भाग खोलगट करून त्यावर बारीक रेघा ओढल्या आहेत, कारण तिथे मेण भरायचे आणि त्यावर टोकदार काडीने लिहायचे. अशा दुमडत्या पाटीचा उल्लेख होमरच्या इलियडमध्ये आहे; पण प्रत्यक्षात इतकी जुनी पाटी तोवर कुणी पाहिली नव्हती. तिच्यावर काय लिहिले असेल? मालाची यादी, कुणाचे येणे-देणे, एखाद्या राजाचा निरोप? मेण केव्हाच नाहीसे झाले आणि मेणाबरोबर अक्षरेही गेली. सगळ्या गलबतावर जे एकच बोलायला समर्थ होते ते मुके झाले, आणि मुका माल मात्र बोलू लागला.

त्या काळच्या राजांनी लिहिलेले शब्द आपल्यापाशी आहेत, बरे का. १८८७ साली इजिप्तमध्ये अमर्ना इथे मातीच्या विटांवर कोरलेला पत्रव्यवहार सापडला. त्यात अलाशियाचा, म्हणजे सायप्रसचा, राजा इजिप्तच्या राजाला भाऊ म्हणून संबोधतो, तांबे भेट पाठवल्याचे कळवतो, आणि माझ्या देशात रोगराईने माणसे मेली म्हणून तांबे थोडे आहे, राग मानू नको, अशी विनवणीही करतो. राजांच्या पत्रांत सगळे भेटीचे असते. भाऊ भावाला देतो, भाऊ भावाला पाठवतो. पण ती भेट लाद्यांनी मोजून गलबतात कुणी रचली, तिच्याखाली काटेरी फांद्या कुणी अंथरल्या, कुणाच्या हाताला ते काटे बोचले, आणि भूशिराजवळ वारा फिरला तेव्हा सुकाणूवर कोण होते, हे त्या विटांवर लिहिलेले नाही. ते सांगायला काजळी धरलेली पणतीच लागते.

आणि म्हणूनच त्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याचे आपल्यावर उपकार आहेत. तांबे म्हणजे तांबे. तीन हजार वर्षांनीही त्याला भंगारात भाव येतो, हे गेलिदोन्याच्या तांडेलाच्या बेतावरून आपण पाहिलेच. उलुबुरूनच्या लाद्या तशाच गुपचूप वर काढून विकल्या गेल्या असत्या, तर चार दिवस चार घरांत चैन झाली असती. सोन्याचा भुंगा एखाद्या धनिकाच्या कपाटात गेला असता, आणि तो सुंदरच दिसला असता. पण तो कुठल्या गलबतावर होता, कुणाच्या मोडीत होता, त्याच्याशेजारी काय होते, हे कायमचे बुडाले असते. काजळीची पणती आणि उंदराचा जबडा तर कुणी उचललाही नसता. वस्तूला किंमत बाजारात येते. तिला अर्थ येतो तो तिच्या जागेमुळे आणि तिच्या शेजाऱ्यांमुळे. एकदा जागेवरून हलवली की तो अर्थ परत मिळत नाही.

जमिनीने माणसाने टाकलेले जपून ठेवले. समुद्राने माणसाला हवे असलेले जपून ठेवले. दोन्ही एकत्र वाचावे तेव्हा कुठे इतिहास पुरा होतो. उलुबुरूनचा माल आज बोद्रुमच्या जुन्या किल्ल्यातल्या संग्रहालयात मांडला आहे, आणि गलबतात माल कसा रचला होता त्याचा पूर्ण आकाराचा देखावाही तिथे उभा केलेला आहे. तिथवर जाणे सगळ्यांना जमेल असे नाही. पण पुढच्या वेळी काशाची वाटी हातात घ्याल तेव्हा ती जरा उलटसुलट करून पाहा. तिच्यातले तांबे आणि कथील याआधी किती वेळा वितळले असेल, किती घरांत फिरले असेल, हे कुणाला सांगता येणार नाही. ते सांगता येत नाही, म्हणूनच ते गलबत बुडाले ही एका परीने आपल्या भाग्याची गोष्ट. ज्यांच्या दुर्भाग्याने ती घडली, त्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.